कशापेक्षा?

‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण मराठी माणूस सहज वापरतो, पण तिच्यातल्या व्याकरणाकडे कधी पाहत नाही. वीट मऊ नसते हे म्हणणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. तरी म्हण खोटी पडत नाही, कारण इथे ‘मऊ’ हा शब्द विटेचा गुण सांगतच नाही, तिचे दगडाशी असलेले नाते सांगतो. ते नाते कळते कशावरून? ‘मऊ’ला काहीही चिकटलेले नाही. मऊ गादीतला जो शब्द, तोच इथे. सगळा भार दगडाला लागलेल्या ‘पेक्षा’ने उचलला आहे. हेच इंग्रजीत सांगायचे तर ‘सॉफ्ट’चे ‘सॉफ्टर’ करावे लागते, म्हणजे खूण आधी गुणाला लागते आणि दगड मागाहून, ‘दॅन’चे बोट धरून येतो. आलाच नाही तरी इंग्रजी वाक्याचे फारसे अडत नाही. इंग्रजी बोलणारे लोक रोजच्या वाक्यांत तुलना कशी करतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याच्या दाराशी उभे राहून मला एकच गोष्ट मांडायची आहे. मराठी वाचकाने हा विषय ‘सॉफ्टर’कडून शिकायला घेऊ नये, दगडाकडून घ्यावा.

हे म्हणणे माणमध्ये बसून मांडायला कारण आहे. माण म्हणजे हिंजवडीला लागून असलेले मुळशी तालुक्यातले गाव. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याशी त्याचा काही संबंध नाही, गल्लत मात्र नेहमी होते. भातखाचरांच्या या शिवारावर एमआयडीसीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिला. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, आणि त्या मार्गाचे एक टोक म्हणून गावाचे नाव नकाशावर ठळक झाले. तुलना करायच्या दोन रीती इथे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना नांदतात. गावात गुंठ्याच्या भावाची बोलणी चालतात, आणि रस्त्याकडचा गुंठा आतल्यापेक्षा महाग, असे म्हणताना ‘आतल्या’ गुंठ्याचे नाव घेतल्यावाचून कोणी पुढे जात नाही. महसूल खात्याची पैसेवारी तर उघडउघड तुलनाच आहे. नेहमीचे पीक एक रुपया धरले, तर यंदाचे किती पैसे आले? पन्नास पैशांच्या आत असेल तर टंचाईची भाषा सुरू होते. जुने लोक तिला अजून आणेवारी म्हणतात. या मोजणीत मापाचा रुपया आधी ठरतो, पीक नंतर मोजले जाते. रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतींत वर्षाकाठी ‘अप्रेझल’ होते. तिथले शेरे ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’, ‘एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स’ असे असतात, आणि ती अपेक्षा नेमकी किती होती हे शेरा हातात पडल्यावरही पुष्कळांना उमगत नाही. गंमत अशी, की मराठी ‘पेक्षा’ हा संस्कृत ‘अपेक्षा’ या शब्दाचाच झिजलेला अवतार आहे. ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो, एकदा अखंड आणि एकदा झिजलेला.

मराठी अशी का झाली, हे थोडे मागे गेले की दिसते. संस्कृतात तुलनेच्या दोन्ही टोकांना खूण लागत असे. ज्याच्याशी तुलना करायची त्याला पंचमी, आणि गुणाला ‘तर’ किंवा ‘ईयस्’. दोघांतला सरस सांगायचा तर एक प्रत्यय, अनेकांतला सांगायचा तर दुसरा, असा नियम पाणिनीने नेमका बांधून ठेवला आहे. पुढच्या हजारभर वर्षांत बोलीभाषांनी गुणावरची खूण टाकून दिली आणि मापावरची ठेवली. ‘त्याहून मोठा’ यातला ‘हून’ पंचमीचाच वारस आहे. ‘पेक्षा’ नंतर आला आणि त्याच जागी बसला. खेड्यापाड्यांतला ‘त्याच्यापरीस’ही तिथेच बसतो. ‘तर-तम’ यांचे काय झाले, असे कोणी विचारेल. ते उरले, पण शोभेला. ‘उच्चतर’, ‘उच्चतम’, ‘लघुतम’ हे शब्द कागदावर राहतात, आणि बाजारात कांदा ‘स्वस्ततर’ झाला असे कोणी म्हणत नाही. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ हे तर मुळात सर्वांत थोर, सर्वांत लहान, सर्वांत चांगला अशा अर्थाचे, पण ती धार आता इतकी बोथट झाली आहे की आपण निःशंकपणे ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो आणि अकरावीच्या मुलाला ‘कनिष्ठ’ महाविद्यालयात धाडतो. फारसीतून आलेल्या ‘बेहत्तर’मध्येही तुलनेचा ‘तर’ आहे, आणि ‘मेलो तरी बेहत्तर’ म्हणणाऱ्याला तो दिसतही नाही. इंग्रजीचेही असेच झाले आहे. ‘सिनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘मेजर’, ‘मायनर’ ही लॅटिनमधली तुलनेची रूपे, आता नुसती विशेषणे झालेली. म्हणूनच प्रमाण इंग्रजीत ‘सिनिअर’पुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो.

इंग्रजीने मात्र मोठी वाट वेगळी धरली. जुन्या इंग्रजीतही ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाची विभक्ती बदलून काम भागवण्याची एक रीत होती. विभक्त्या झिजल्या, ती रीत बुडाली, आणि ‘दॅन’ हे अव्यय उरले. हा ‘दॅन’ आणि ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ मुळात एकच शब्द. आज लिहिताना या दोहोंत लोकांचा घोळ होतो, त्याला निदान एवढा जुना आधार आहे. गुणावरची खूण इंग्रजीने जपली, आणि आखूड शब्दांना ‘अर’ नि लांब शब्दांना ‘मोअर’ अशी वाटणी करून दिली. जगातल्या भाषा तुलना कशी करतात याची मोठी पाहणी लिओन स्टासेन या भाषाशास्त्रज्ञाने केली आणि १९८५ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे, की मापाला ‘पासून’, ‘वर’, ‘कडे’ अशा अर्थाची जोड लावून तुलना करणाऱ्या भाषा पुष्कळ आहेत, आणि ‘दॅन’सारखे स्वतंत्र अव्यय वापरणाऱ्या भाषा थोड्या, त्याही मुख्यतः युरोपात. म्हणजे या बाबतीत जगावेगळी असेल तर ती इंग्रजी, मराठी नव्हे. इंग्रजी व्याकरणाची पुस्तके वाचताना नेमका उलटा समज होतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

आता या वेगळ्या वाटेचे रोजच्या बोलण्यात काय होते ते पाहू, कारण विषयाचा गाभा तिथे आहे. खूण गुणावर असल्यामुळे इंग्रजी बोलणारा माप गाळून टाकू शकतो, आणि सारखा गाळतो. ‘हायर एज्युकेशन’ कशाहून हायर, ‘सूनर ऑर लेटर’ कशाहून सूनर, हे कोणी विचारत नाही. ‘ओल्डर’ या शब्दाची गत तर पाहण्यासारखी आहे. ‘ॲन ओल्ड मॅन’ म्हणजे म्हातारा, पण ‘ॲन ओल्डर मॅन’ म्हणजे जरा वयस्कर, म्हाताऱ्याहून तरुण. व्याकरणाने ज्याचे वय वाढायला हवे, त्याचे बोलण्यात कमी झाले. कारण ‘ओल्डर’ने कोणाशीही तुलना केलेली नाही, फक्त ‘ओल्ड’ हा टोचणारा शब्द टाळला आहे. ‘कुडन्ट ॲग्री मोअर’ हे दुसरे उदाहरण. ‘याहून अधिक सहमत होणे शक्य नाही’, म्हणजे पूर्ण सहमती. नवख्या मराठी कानाला मात्र त्यातला नकार आधी ऐकू येतो आणि समोरचा विरोधात आहे असे वाटते. ‘कुड बी बेटर’ म्हणजे सौम्य नापसंती, ‘नेव्हर बेटर’ म्हणजे उत्तम. शब्द एकच, पण न बोललेले माप बदलले की अर्थ टोपी फिरवतो. ‘रादर’ हा शब्दही मुळात तुलनेचाच आहे. लवकर या अर्थाचा एक जुना शब्द होता, त्याचे हे ‘अधिक लवकर’ असे रूप. मूळ शब्द व्यवहारातून गेला, तुलना उरली. याला मराठीत फार सुंदर जोड आहे. ‘त्यापेक्षा असं करू’ म्हणताना आपण काहीही मोजत नाही, नुसती पसंती सांगतो. ‘ॲज गुड ॲज डन’ला तर ‘झाल्यात जमा’ हा असा चपखल जोडीदार आहे की दोन्ही भाषांनी एकमेकींच्या वहीत डोकावले असावे.

कचेरीतल्या पत्रांत सर्वांत जास्त गोंधळ घालणारा प्रयोग म्हणजे ‘ॲट द अर्लिएस्ट’. आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘कृपया उत्तर ॲट द अर्लिएस्ट पाठवा’ असे लिहितात आणि ‘लवकरात लवकर’ असा अर्थ घेतात. इंग्लंडमधला वाचक ‘मंगळवार ॲट द अर्लिएस्ट’ म्हटले की ‘मंगळवारच्या आधी नाही’ असे समजतो. एक बाजू घाई करते, दुसरी निवांत होते. हा दोष अज्ञानातून आलेला नाही. ‘लवकरात लवकर’, ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’ ही मराठीची सर्वोच्च प्रतीची तुलना आहे आणि ती सप्तमीवर उभी आहे. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ या म्हणीतही ‘शहाणी’ उघडीच आहे, तुलना ‘वासरांत’मध्ये आहे. इंग्रजी ‘अर्लिएस्ट’ दिसला की आपण त्यात आपली सप्तमी वाचतो. म्हणून तो प्रयोग भारतीय इंग्रजीत रुजला, आणि इथल्या इथे तो बिनचूक चालतोही. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाला लिहिताना तेवढे सांभाळावे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, विद्यार्थी चुकतात ते सरावाच्या अभावी, त्याचे खापर मातृभाषेवर का फोडायचे? आक्षेप अर्धा खरा आहे. ‘मोअर बेटर’ ही चूक मराठीतून आली असे मी म्हणणार नाही. इंग्रजी घरांत वाढलेली लहान मुलेही असे बोलतात. शेक्सपिअरच्या काळात तर ती चूकच नव्हती, आणि ‘ज्युलियस सीझर’मध्ये दुहेरी खुणेचा गाजलेला प्रयोग आहे. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी तिला गावंढळ ठरवले. शिवाय तेच ‘बेटर’ मराठीत आल्यावर आपणही ‘हे त्यापेक्षा जास्त बेटर आहे’ असे बिनदिक्कत बोलतो, म्हणजे ती प्रवृत्ती कोणा एका भाषेची नाही. पण ‘ही इज टॉल दॅन मी’ या वाक्याचे काय? यात ‘दॅन’ जागेवर आहे, म्हणजे माप नीट धरले आहे. गळाली आहे ती गुणावरची खूण. मराठीत नेमकी तीच खूण नसते. चूक योगायोगाने झाली असती, तर कधी ‘दॅन’ गळाला असता, कधी ‘अर’. मराठी वर्गात ऐकू येते ती बहुधा दुसऱ्या जातीची. तेव्हा सरावाचा आक्षेप मला मान्य आहे, फक्त सराव कशाचा करायचा हे त्यातून ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठीतही माप गाळतातच की! ‘दोघांत हा मोठा’, ‘आज बरं वाटतंय’, ‘जरा जास्त घाला’, यांत ‘पेक्षा’ कुठे आहे? एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाचा १९४४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेला एक निबंध आहे. ‘मोठा’, ‘चांगला’, ‘पुष्कळ’ हे शब्द वरवर साधे दिसले तरी त्यांच्या पोटात तुलना दडलेलीच असते, मोजमाप नंतर येते, आधी उणे-अधिक येते, असे त्याने त्यात दाखवले आहे. हे मान्य केले तर दोन भाषांतला माझा भेद कोसळतो का? कोसळत नाही, फक्त त्याची जागा नेमकी होते. मराठीत माप गाळले तर वाक्यात तुलनेची खूणच उरत नाही. ऐकणाऱ्याला ते माप प्रसंगातून भरून घ्यावेच लागते, आणि भरता आले नाही तर तो सरळ विचारतो, ‘कशापेक्षा?’ इंग्रजीत माप गाळले तरी ‘अर’ जागेवर असतो. वाक्य तुलनेसारखे ऐकू येते आणि तुलना झालीच असावी असा भास होतो. जाहिरातीची भाषा याच भासावर जगते. ‘व्हायटर’, ‘फास्टर’, ‘फ्रेशर’ असे म्हटले की कोणाहून ते सांगायची गरज उरत नाही. त्यांची भाषांतरे झाली तेव्हा मराठीत ‘अधिक पांढरे’, ‘अधिक ताजे’ असे शब्दप्रयोग शिरले. त्यांत ‘अधिक’ आहे आणि ‘पेक्षा’ नाही. माझ्या मते गेल्या काही दशकांत मराठीवर इंग्रजीचा जो प्रभाव पडला, त्यात उसन्या शब्दांपेक्षा हा लंगडा ‘अधिक’ जास्त घातक आहे. ‘टेबल’ आले म्हणून आपला विचार बिघडला नाही. ‘अधिक चांगल्या भविष्यासाठी’ या घोषणेने तो थोडा बिघडतो. मराठी माणूस त्यामुळे वेगळा विचार करतो, असा मोठा दावा मला करायचा नाही. भाषा त्याच्या हाती एक प्रश्न आयता ठेवते, तो विचारायचा की नाही हे त्याच्यावर आहे.

शाळेत हा विषय कसा शिकवतात? ‘गुड, बेटर, बेस्ट’ आणि ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ असा तक्ता भिंतीवर असतो, मुले तो एका सुरात म्हणतात. मग वाक्ये एका ‘डिग्री’तून दुसऱ्या ‘डिग्री’त बदलायची, तीही बहुधा हिमालय आणि एव्हरेस्ट यांचीच. तर्खडकरी भाषांतरमालेपासून हा शिरस्ता चालत आला आहे. त्याने परीक्षा पार पडल्या हे नाकारता येणार नाही, पण त्यात तुलना म्हणजे गुणाचे रूपांतर अशी समजूत पक्की होते. नवल असे, की त्याच शाळेत, शेजारच्या तासाला, मराठीचे शिक्षक अलंकार शिकवत असतात. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही चार अंगे मुलांना तोंडपाठ असतात. उपमेय उपमानाहून सरस ठरले की व्यतिरेक, हेही ती जाणतात. ‘दॅन’च्या वाक्याची याहून चांगली फोड कोणत्याही इंग्रजी व्याकरणात मिळणार नाही. कोणाची तुलना, कोणाशी, कोणत्या गुणाबाबत, आणि जोडणारा शब्द कोणता, हे चार प्रश्न विचारले की ‘सुपीरिअर टू’, ‘प्रेफर टू’, ‘डिफरंट फ्रॉम’ यांतली जोड निरनिराळी का, हेही पाठांतरावाचून लक्षात राहते. पण इंग्रजीच्या तासाला मराठीचा अलंकार आणायचा नाही, ही शिवाशिव आपण निष्ठेने पाळतो.

समतेच्या वाक्यांबद्दल थोडेच सांगतो, कारण तिथे दोन्ही भाषांचे सूत जमते. उंचीत कमी असलेल्याला ‘लेस टॉल’ म्हणणे इंग्रजांना जड जाते, ‘नॉट ॲज टॉल ॲज’ असे ते वळण घेतात. आपणही ‘कमी उंच’ न म्हणता ‘त्याच्याइतका उंच नाही’ असेच म्हणतो. फरक पडतो तो ‘दॅन’च्या मागे पूर्ण वाक्य येते तेव्हा. ‘मला वाटलं होतं त्यापेक्षा लांब’ यात आपल्याला ‘त्या’ हे सर्वनाम मध्ये घालावे लागते, इंग्रजीला लागत नाही. आकड्यांच्या तुलनेत मात्र दोन्ही भाषांनी सावध राहायला हवे. ‘तिप्पट’ म्हणजे तिनाने गुणले, यात शंका नाही. ‘तीन पटींनी जास्त’ म्हटले की तीनपट की चौपट असा वाद उभा राहतो, आणि ‘थ्री टाइम्स मोअर दॅन’वरही तोच वाद आहे. दहा टक्क्यांचे बारा टक्के झाले तर वाढ दोन टक्के की वीस? माप दहा धरले तर वीस टक्के, शंभर धरले तर दोन. उपमान न सांगता आकडा सांगणे, हा तुलनेतला सर्वांत सभ्य दिसणारा खोटेपणा आहे. दीडपट, सव्वापट, काकणभर, तसूभर असे फरकाचे बारीक शब्द असलेल्या भाषेने तरी तो चालवून घेऊ नये.

पुढच्या पानांतली वाक्ये वाचताना वाचकांना एक विनंती आहे. वाक्याचा मराठी अर्थ लगेच लावू नका. त्यातले उपमान कोणते, ते बोललेले आहे की गाळलेले, आणि गाळले असेल तर बोलणाऱ्याच्या सोयीसाठी की ऐकणाऱ्याच्या, हे आधी पाहा. ‘बेटर’ दिसला की ‘कशापेक्षा?’ असे समासात पेन्सिलीने लिहा. ज्या वाक्यात या प्रश्नाला उत्तरच मिळणार नाही, तिथे ‘ओल्डर’सारखा नुसत्या सभ्यतेचा प्रयोग आहे की जाहिरातीतली पोकळी, हे तुम्ही ठरवा. आणि इथे मांडलेला तर्क ज्या वाक्यांना लागू पडत नाही अशी वाक्ये तुमच्या कचेरीत, वर्गात किंवा घरी कानांवर पडली, तर ती अवश्य कळवा. पुढच्या आवृत्तीत त्यांना पहिले स्थान मिळेल.